ओट्यावर येऊन बसलेला शेवट

माझे यजमान मराठी सिनेमांचे दिग्दर्शक होते. आयुष्यात त्यांनी पाच सिनेमे केले. त्यांतला दुसरा तेवढा चालला, आणि तो चालल्यामुळे आमच्या घरात जे घडलं ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. लोक म्हणतात, त्या काळातल्या आठवणी सांगा. मग मी स्टुडिओतल्या गमती सांगते, कुठली नटी चिडली की काय करायची ते सांगते, आणि चहा ठेवायला उठते.

आम्ही डोंबिवलीत आलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल-नसेल. यजमानांनी पुण्यातल्या ज्या स्टुडिओत नऊ वर्षं काढली तो बंद पडला होता. चित्रीकरणात कॅमेऱ्यासमोर पाटी धरण्यापासून सुरुवात करून ते सहायक दिग्दर्शकापर्यंत पोहोचले होते. आता कामं मुंबईत होती आणि मुंबईत जागा मिळत नव्हती. डोंबिवलीत दोन खोल्या आणि पुढे पडवी एवढं मिळालं. मागे विहीर, विहिरीमागे भातखाचरं. वीज आमच्या आळीत अजून यायची होती, आणि सिनेमावाल्याच्या घरी कंदील म्हणून शेजारणी हसायच्या.

यजमानांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे. त्यामुळे पटकथेच्या स्वच्छ नकला मी करायची. ते पडवीत येरझाऱ्या घालत सगळ्यांची सोंगं करत, सासू, नायिका, गावचा पाटील, आणि मी भाजी चिरता चिरता ऐकायची. दुपारी लिहायला बसायची. मला ते काम आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्यात माझा थोडा तोराही होता.

पहिला सिनेमा आठवडाभरही टिकला नाही. यजमान भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. दाढी नाही, बोलणं नाही. जेवायला हाक मारली की "तू जेव" एवढंच. असे वीसेक दिवस गेले. शेवटी एका दुपारी त्यांनी तोंड उघडावं, निदान कूस तरी बदलावी म्हणून मी त्यांना माझ्या ताईची गोष्ट सांगितली.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. कल्याणला दिली होती. भावोजी एका कचेरीत कारकून होते, दिसायला देखणे, गळा गोड. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर त्यांनी एक दिवस दुसरी बायको करून घरी आणली. ताईने काही आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेतलं, स्वयंपाकघरात जाऊन पाट्यावरचा वरवंटा उचलला, काखोटीला मारला आणि भर सकाळी आळीतून चालत बाहेर पडली. कपडा नाही, भांडं नाही, फक्त वरवंटा. आळीने ते पाहिलं होतं. बाईचं डोकं फिरलं असं लोक म्हणाले, आणि पुढे काही वर्षं हसण्यावारी नेलं.

पण पुढचं फक्त मला माहीत होतं. ताईने ते मला एकदाच सांगितलं होतं. ती म्हणाली, "वरवंटा मी का उचलला ते मला तेव्हा कळलंच नव्हतं गं. काळ्या तलावाच्या पायरीवर जाऊन बसले, तेव्हा कळलं. दगड पोटाशी धरला की माणूस वर येत नाही." बराच वेळ ती तशीच बसून होती. मग मुलगी म्हणाली, आई, पेरू. पलीकडे एक म्हातारी पेरू विकत होती. ताई उठली, पेरू घेतला, आणि मुलीला घेऊन ठाण्याची वाट धरली. ठाण्याला आमचे एक लांबचे काका होते. त्यांच्याकडे राहून ती सुइणीचं काम शिकली आणि एका खासगी प्रसूतिगृहात नोकरीला लागली. पुढे ठाण्यातच खोपटला स्वतःची खोली घेतली. पुढे ओटा असलेली, एका खोलीची जागा. पण तिची.

हे सगळं मी सांगत होते तेव्हा यजमानांची पाठ माझ्याकडे होती. पेरूपर्यंत आले आणि ते उठून बसले.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी चहा मागितला, दाढीचं सामान मागितलं. मला इतका आनंद झाला होता की आपण काय देऊन बसलो ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

दोन महिन्यांत पटकथा झाली. नकला करताना तळ्याच्या प्रसंगाशी मी थबकले. त्यांनी लिहिलं होतं की मुलगी म्हणते, "आई, घरी चल," आणि आई तिला उराशी कवटाळून हंबरडा फोडते.

मी म्हटलं, "अहो, ताईला विचारायला हवं."

"विचारतो ना. एकदा पुरं होऊ दे सगळं."

"आणि हे असं नाही झालेलं. ती रडली नाही. मुलीने पेरू मागितला, आणि ताईने तो पिकलाय का ते दाबून पाहिलं. तिने स्वतः सांगितलंय मला. दाबून पाहिलं म्हणे, आणि मनात आलं, आपण पेरू बघून घेतोय म्हणजे आपण काही मरत नाही."

यजमानांनी पेन्सिल उचलली. "बाई गं," ते म्हणाले, "हे मला जन्मात सुचलं नसतं." त्यांनी हंबरडा खोडला आणि मी माझ्या हाताने पेरू लिहिला. ताईला विचारायचं राहिलं. त्यांनी विचारलं नाही, मीही पुन्हा विषय काढला नाही. ठाण्याला मी त्या काळात दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा तिने माझ्यासाठी अळूची भाजी केली होती.

निर्माते कल्याणचे लाकडाचे व्यापारी होते. त्यांना सगळे शेठ म्हणत. माणूस वाईट नव्हता. पडवीत बसून त्यांनी सगळी पटकथा ऐकली, तळ्याच्या प्रसंगाला डोळे पुसले, आणि शेवट ऐकून म्हणाले, "हा काय शेवट झाला? ही सुईण होते, खोली घेते, मुलीला शाळेत घालते. मग?"

"मग काही नाही. तोच शेवट."

"नवऱ्याचं काय?"

"नवरा राहिला तिकडे."

शेठ हसले. "मास्तर, बायका सिनेमाला येतात त्या घरच्यांना सांगून येतात. परत जाऊन त्यांना त्याच घरात भाकरी करायची असते. नवऱ्याला आजारी पाडा. हिच्याच दवाखान्यात आणून टाका. हिने सेवा करावी, त्याने माफी मागावी, हिने घरी परत जावं. लोक रडतील. मग सिनेमा चालेल."

यजमान दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेवट लिहिला. त्यात दुसरी बायको सोयीने मरते, आणि नायिका कुंकू लावून घराचा उंबरठा ओलांडते. मी त्याचीही नक्कल केली. आमच्याकडे दुसरं काम नव्हतं, आणि त्यांना पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलेलं बघायची माझी हिंमत नव्हती. तेव्हा मनाला एवढंच कारण पुरलं.

तळ्याचा प्रसंग कल्याणला खऱ्या काळ्या तलावावरच घेतला. मी डबा घेऊन गेले होते. नटीने हातात धरलेला लाकडी वरवंटा हलका असल्याचं तिच्या चालण्यातून कळतंय म्हणून यजमान कुरकुरत होते. दुसऱ्या दिवशी मी घरचा दगडी वरवंटा पिशवीत घालून नेला. तो काखोटीला मारल्याबरोबर ती नटी एका अंगावर कलून ताईसारखी चालायला लागली. भोवती गर्दी जमली होती. त्यातली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अगं, ही तर आपल्या आळीतल्या त्या कारकुनाची बायको." मी ऐकलं आणि डबा आवरायला घेतला.

सिनेमा लागला आणि चालला. शेठ म्हणाले होते तसाच चालला. ठाण्यात, कल्याणात, पुढे घाटावरच्या गावांत. बायका पदर डोळ्यांना लावून बाहेर पडत. यजमानांना हार घातले गेले, डोंबिवलीतही एक सत्कार झाला. वीज आली होती आता. पडवीत दिव्याखाली बसून ते लोकांची पत्रं मला वाचून दाखवत, आणि मला वाटे, बरं झालं, सगळं निभावलं.

ताईला आम्ही सिनेमाचं कथानक सांगितलंच नव्हतं. तिने आपणहून प्रसूतिगृहातल्या चार जणींना बरोबर घेतलं, मुलीला घेतलं, आणि "माझ्या बहिणीच्या यजमानांचा सिनेमा आहे" असं सांगत सगळ्यांना ठाण्याच्या थेटरात नेलं. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती.

पुढच्या रविवारी सकाळी ताई एकटीच डोंबिवलीला आली. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. यजमान समोर येऊन उभे राहिले.

"बसा ना, ताई," ते म्हणाले.

"बसायला नाही आले. वरवंट्याचं मला काही वाटलं नाही. ते गावाने पाहिलंच होतं." तिचा आवाज अगदी रोजचा होता. "पण माझ्या मुलीने घरी आल्यावर मला विचारलं, आई, तू मला घेऊन तळ्यावर गेली होतीस? मी तिला काय सांगू, ते तुम्ही मला सांगा. तुम्हाला संवाद चांगले सुचतात."



"आणि पेरू दाबून पाहिलेला," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं."

मी रडायला लागले. ती थांबली, माझं रडं ओसरू दिलं, आणि पुन्हा यजमानांना म्हणाली, "एक विचारू? मी त्या घरातून निघाले आणि आजवर परत गेले नाही. कशी राहिले ते माझं मला ठाऊक. तुम्ही मला परत का पाठवलंत?"

"ताई, ते निर्मात्यांनी..."

"लिहिलं कुणी?"

 ताई चपला घालून निघून गेली.

हे इथेच थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण चार महिन्यांनी तिच्या मुलीच्या हातून एक चिठ्ठी आली. पोर एकटीच ठाण्याहून आली होती. चिठ्ठी यजमानांच्या नावाने होती. तुमचा शेवट माझ्या ओट्यावर येऊन बसला आहे, येऊन घेऊन जा. एवढंच.

मी मुलीला विचारलं, "काय झालं गं?"

"बाबा आलेत," ती म्हणाली. "मी त्यांना पाणी दिलं. आई मला रागावली नाही."

आम्ही तिघं खोपटला गेलो. ओट्यावर पत्र्याच्या ट्रंकेला टेकून भावोजी बसले होते. देखणेपण पार गेलं होतं, दम्याने छाती भात्यासारखी चालली होती. दुसरी बायको केव्हाच माहेरी निघून गेली होती, नोकरीही सुटली होती. शेजारच्या तीन-चार बायका भोवती उभ्या राहून ताईच्या दाराकडे बघत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "सिनेमातल्या बाईने घेतला की पदरात. ही तर दवाखान्यातली सेवा शिकलेली आहे." प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनीही तिला हेच ऐकवलं होतं, ते मागाहून कळलं.

भावोजी यजमानांना पाहून उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर कृतज्ञता होती.

"मी तीनदा पाहिला तुमचा सिनेमा," ते म्हणाले. "तुम्ही मला फार चांगलं दाखवलंत हो. मी एवढा चांगला नाही."

 पंचवीस-तीस माणसांना दिवसभर हुकूम सोडणारे यजमान त्या ओट्यासमोर टोपी काढून उभे राहिले. शेवटी ते म्हणाले, "ते खोटं होतं. मी खोटं लिहिलं. ती परत गेली नाही, जाणारही नाही. तुम्ही इथे बसू नका."

"मग मी कुठे जाऊ?"

तेवढ्यात दार उघडलं. ताई पांढरं लुगडं नेसून कामावर निघाली होती. तिने दाराला कुलूप लावलं, किल्ली मुलीच्या हातात दिली, नवऱ्याच्या ट्रंकेला वळसा घालून ओटा उतरली आणि चालायला लागली. ती आमच्याकडे किंवा शेजारणींकडे बघतही नव्हती. वळणापर्यंत सगळे तिच्याकडे बघत होते.

यजमानांनी वाकून ट्रंक उचलली. "चला," ते भावोजींना म्हणाले. "आमच्याकडे चला." मला त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय म्हणणार होते?

भावोजी आमच्या पुढल्या खोलीत सात महिने राहिले. काढे, शेक, पथ्याचं खाणं हे सगळं मी केलं. सिनेमात नटीने दोन मिनिटांत केलेली सेवा प्रत्यक्षात किती लांबते ते मला कळलं. त्यांच्यावर राग धरायचा मी ठरवलं होतं, पण थुंकीचं भांडं रोज धुताना राग धरून ठेवता येत नाही. यजमान त्या सात महिन्यांत एक ओळ लिहू शकले नाहीत. शेठ दोनदा येऊन गेले, तसाच आणखी एक सिनेमा करू म्हणाले. आतून खोकल्याचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "कोण आहे?" यजमान म्हणाले, "नायक."

एकदा बोलता बोलता भावोजी म्हणाले, "ती निघाली ना, तेव्हा मी झोपलो होतो असं सगळ्यांना वाटतं. मी जागा होतो. डोळे मिटून पडलो होतो. ती स्वयंपाकघरात गेली, दगड उचलल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले नाहीत." मी यजमानांकडे पाहिलं. असं काही कानावर पडलं की त्यांचा हात आपसूक पेन्सिलीकडे जायचा. त्या दिवशी ते उठून विहिरीवर गेले आणि पाणी शेंदत बसले. घरातल्या सगळ्या बादल्या भरल्या तरी शेंदत होते.

ताईची मुलगी दर पंधरा दिवसांनी वडिलांना भेटायला यायची. त्यांच्याशेजारी बसून अभ्यास करायची, ते तिला एखादं पद म्हणून दाखवायचे. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "मावशी, आईला सांगू नको."  एकीचं गुपित फोडून मी हे सगळं ओढवून घेतलं होतं, आता दुसरीचं लपवून काय ओढवून घेणार होते? दोन महिने मी गप्प बसले. मग राहवेना, ठाण्याला जाऊन ताईला म्हटलं, "तुझी मुलगी आमच्याकडे येते. त्यांना भेटायला."

ताई डाळ निवडत होती. "माहीत आहे," ती म्हणाली. "तिकिटाला पैसे कोण देतं असं वाटलं तुला?"

"मग तिला सांग ना, की तुला चालतं."

"नाही सांगणार. मला चालत नाही. पण त्याला भेटणं हे तिचं आहे, आणि त्यात मी कशाला येऊ?" ती सुपातले खडे वेचत राहिली. "तळ्याचं मी तिला खरं सांगितलं. हो म्हटलं, गेले होते.  पण त्या दिवसापासून ती झोपताना माझा पदर धरते. बारा वर्षांची घोडी. तीन वर्षांची असताना नव्हती धरत."

दिवाळीनंतर भावोजींचे पुतणे येऊन त्यांना नाशिककडे घेऊन गेले. उन्हाळ्याच्या आधीच ते वारल्याचं पत्र आलं. मुलगी मला बिलगून रडली, आईसमोर नाही.

डॉक्टरीणबाईंच्या टोमण्यांना कंटाळून ताईने प्रसूतिगृह सोडलं. विठ्ठलवाडीच्या पलीकडे निर्वासितांच्या छावणीत एका दवाखान्याला सुईण हवी होती, तिथे ती गेली. सगळी वस्ती सिंधी. भाषा यायची नाही, सुरुवातीला खुणांनीच बाळंतपणं केली. मी म्हटलं, "एवढ्या लांब, परक्या लोकांत?" ती म्हणाली, "इथे कुणी मराठी सिनेमे बघत नाही."

यजमानांनी शेठना विनवलं की शेवटचा भाग काढून टाका, मी पदरचं काहीही करून दुसरा चित्रित करून देतो. शेठना ते वेड्याचं बोलणं वाटलं. सिनेमा तंबूतल्या थेटरांतून फिरत राहिला, कौतुकाची पत्रं येत राहिली. यजमान ती न फोडता कपाटावर टाकत. पुढे त्यांनी तीन सिनेमे केले, तिन्ही पौराणिक. त्यांत कुणाच्याही ओळखीचं माणूस नव्हतं. एकही चालला नाही.

एके दिवशी ते कुणाला न सांगता छावणीत गेले. परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या ताई?"

"बाहेर बायकांची रांग होती. मला म्हणाल्या, बसा. दुपारपर्यंत बसलो. मग म्हणाल्या, आज वेळ नाही, पुन्हा या."

ते पुन्हा गेले. तिसऱ्यांदाही गेले. चौथ्या खेपेला ताईने त्यांना आत बोलावलं, आणि त्यांनी जे बोलायचं होतं ते बोलून घेतलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "आता दुसऱ्या कुणाचं असं करू नका." मग कपाटातून कप काढून त्यांना चहा दिला. हे सांगताना यजमान लहान मुलासारखे रडले, आणि त्या दिवसापासून ते हळूहळू माणसात आले.

मी मात्र ताईची माफी मागितली नाही. ती आमच्याकडे येत राहिली, माझ्या हातचं जेवत राहिली, मुलीच्या लग्नात तिने मला पहिल्या पंगतीत बसवलं. तिने विषय काढला नाही म्हणून मीही काढला नाही. आणि इतक्या वर्षांत तिने पुन्हा कधी मला तिच्या मनातलं काही सांगितलं नाही. पाककृती सांगितल्या, दुखण्यांवरची औषधं सांगितली, शेजाऱ्यांच्या बातम्या सांगितल्या. तेवढंच.